नकलेवर 'नक्कल' असे लिहा!

जुन्या वस्तूंची नक्कल करण्यात काही पाप आहे असे मला वाटत नाही. आपल्या कोल्हापुरातच बघा ना. पुतळ्यांची माळ आपल्या आयाबहिणींच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या पुतळ्या मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट नाण्यांवरून आलेल्या. नाण्यावर त्यांचा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला त्यांचा राज्यप्रमुख होता, आपल्या लोकांना त्यात रामसीता दिसली आणि सोनारांनी तशा पुतळ्या घडवल्या. पण कुठल्याही सोनाराने "ही घ्या बाई, अस्सल व्हेनिसची" म्हणून दाम वाढवून घेतल्याचे मी ऐकलेले नाही. दागिना म्हणून घडवला, दागिना म्हणून विकला. व्यवहार स्वच्छ!

माझे भांडण आहे ते दुसऱ्या जातीच्या नकलेशी. काल ओतलेली शिवराई "साडेतीनशे वर्षांपूर्वीची, खोदकामात सापडली" असे सांगून विकतात, तिच्याशी. आणि त्याहून जास्त भांडण आहे ते "जाऊ द्या हो सर, महाराजांचं नाव तर घरात आलं" म्हणून ती गोड मानून घेणाऱ्या आपल्याच माणसांशी.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झालो तरी कळंब्याच्या तळ्यावर सकाळी फिरताना जुने विद्यार्थी भेटतात, खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढतात आणि विचारतात, "सर, हे खरं आहे का बघा की." गेल्या काही वर्षांत अशा पुड्या फारच वाढल्या. त्यामुळे चार गोष्टी सविस्तर लिहितो.

शिवराई म्हणजे तांब्याचे नाणे. 1674 च्या राज्याभिषेकाशी तिची सुरुवात जोडली जाते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण ही शिवराई महाराजांच्या नंतरही, थेट पेशवाईत, अनेक ठिकाणी पाडली जात होती. त्यामुळे अस्सल शिवराया आजही पुष्कळ आहेत आणि साधी, झिजलेली शिवराई ही काही लाखांची वस्तू नव्हे. सोन्याचा होन मात्र खरोखर दुर्मीळ. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि अस्सल म्हणून माहीत असलेले नग अगदी मोजके. आता विचार करा, जी वस्तू संग्रहालये काचेत कुलूप लावून ठेवतात ती रस्त्याकडेच्या कापडावर पाच-पाच नग कशी पडलेली असेल?

नाणे पाडायची जुनी रीत समजून घेतली तर निम्मी फसवणूक तिथेच थांबते. तांब्याचा तुकडा दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालत. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळे सगळी अक्षरे नाण्यावर मावतच नसत. कुठे 'श्री' अर्धा जाई, कुठे 'पति' कडेबाहेर जाई. घाव हाताचा, म्हणून एकासारखे दुसरे नाणे नाही. खोटे नाणे बहुधा साच्यात ओतलेले असते. त्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या बोथट असतात, कधी काठावर साच्याच्या सांध्याची रेघ असते. आणि मुख्य म्हणजे एकाच जागी तोच ओरखडा असलेली चार 'वेगवेगळी' नाणी निघतात! अक्षरे सगळी कशी नीटनेटकी, मधोमध, वाचायला सोपी. आम्ही गिऱ्हाईक म्हणून तेच मागतो ना! अस्सल, पण अर्धे अक्षर गेलेले नाणे नको, खोटे पण ठसठशीत हवे. हिरवट गंजही आता रसायनाने चार दिवसांत चढवता येतो.

ही झाली नक्कल. पण जिचे मूळच नाही अशीही 'नक्कल' बाजारात आहे. 1818 सालचे ईस्ट इंडिया कंपनीचे हनुमानाचे नाणे, रामदरबाराचे नाणे! 1818 म्हणजे पेशवाई बुडाली ते साल. त्या साली कंपनी सरकार हनुमानाची नाणी पाडत बसले होते? मुंबई इलाख्यातल्या कंपनीच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू आणि त्याखाली 'अदल' हा न्यायाचा शब्द असे. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी 1835 पासून आली, त्यांतल्या रुपयावर इंग्रज राजाचा मुखवटा. हनुमानाचे किंवा रामदरबाराचे कंपनीचे चलन कधी नव्हतेच. आणि याच खोट्या नाण्यांचा आधार घेऊन 'तांदूळ ओढणारे इरिडियमचे नाणे' म्हणून लोकांना लाखोंना बुडवणाऱ्या टोळ्या निघाल्या. शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की आमच्या नावाने जुन्या नाण्यानोटांच्या खरेदी-विक्रीसाठी कोणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर देऊ नका.

कोणी म्हणेल, लोभी माणूस बुडतो, बुडू दे. इथेच माझा विरोध आहे. एका शाळेत शिवजयंतीच्या प्रदर्शनात 'शिवकालीन नाणी' म्हणून मांडलेल्या ताटातली सगळी नाणी एकाच साच्यातली होती. मी आयोजकांना बाजूला घेऊन हळूच सांगितले. तर उत्तर मिळाले, "सर, पोरांच्या भावना कशाला दुखावता?" म्हणजे पोरांना खोटे दाखवले तर चालते, खरे सांगितले तर भावना दुखावतात! ज्या पोराने आज ओतीव तुकडा अस्सल म्हणून डोळ्यांत साठवला, त्याला उद्या खरी, झिजलेली शिवराई दाखवली तर तो तिलाच खोटी म्हणेल. नुकसान पैशाचे नाही मित्रहो, नजरेचे आहे.

आणि नुकसान पुराव्याचेही आहे. आपल्या कोल्हापूरच्या मातीत विळिवायकुर, शिवलकुर या राजांची शिशाची नाणी सापडली आहेत, धनुष्यबाणाची. त्या राजांविषयी ग्रंथ नाहीत, बखरी नाहीत. आपल्याला त्यांची नावे कळली ती नाण्यांमुळे. जिथे नाणे हाच साक्षीदार, तिथे खोटे नाणे म्हणजे खोटी साक्ष. उद्या कोणी हौशी लेखक त्यावरून एखादा नवा राजाही उभा करील!

कायद्याचे म्हणाल तर बनावट नाण्यांचा कडक कायदा आहे तो आज चलनात असलेल्या नाण्यांसाठी. जुने नाणे बनवून विकले तर फार तर फसवणुकीचा गुन्हा, आणि तक्रार करणार कोण? ज्याने 'खोदकामात सापडलेले' म्हणून चोरून घेतले तो पोलिसांत कशाला जाईल? कारण 1878 च्या निखात-निधी कायद्याने तसा ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळवावा लागतो. खोटे विकणाऱ्याचे हेच तर भांडवल आहे.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या पत्त्यांचा असाच नाद आहे. 1952 सालचा मिकी मँटलचा एक पत्ता 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेला. तिथेही पुनर्मुद्रित पत्ते चहाच्या पाण्यात बुडवून जुने म्हणून खपवतातच. पण त्या देशाने 1973 सालीच एक कायदा करून ठेवला आहे, की जुन्या नाण्याची प्रतिकृती बनवली तर तिच्यावरच 'नक्कल' असा शब्द कोरलेला हवा. केवढी साधी गोष्ट!

ती आपण इथे का करू नये? शिवराज्याभिषेकाची स्मृतिचिन्हे खुशाल करा, होनाच्या प्रतिकृती आहेरात द्या. पण त्यावर 'प्रतिकृती' हा शब्द आणि बनवल्याचे साल कोरा. सरकारने तसा नियम करावा, आणि तो होईपर्यंत मंडळांनी, शाळांनी असा शब्द नसलेली प्रतिकृती घ्यायचीच नाही असे ठरवावे. ज्याला तो शब्द कोरायला अडचण वाटते, त्याची दानत तिथेच कळते.

महाराजांनी स्वतःच्या नावाचे नाणे पाडले, कारण नाणे म्हणजे राज्याचा शब्द. त्यांच्या नावावर खोटा शब्द खपवणे हा अभिमान नव्हे. ज्यांना खरी नाणी पाहायची आहेत त्यांनी संग्रहालयात जाऊन काचेआडची शिवराई नीट न्याहाळावी. अक्षरे अर्धी असतील. पण जी आहेत ती खरी आहेत.