शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

बंगळुरूमध्ये ‘करुणाश्रय’ नावाची एक संस्था आहे. तिचा न्यास १९९४ साली स्थापन झाला आणि १९९९ साली तिच्या वास्तूत रुग्णसेवा सुरू झाली. ज्यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशा रुग्णांची येथे विनामूल्य शुश्रूषा होते. रोग घालवणे शक्य नसले, तरी वेदना शमवता येते, हा या सेवेचा पाया आहे. तेथील डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी मृत्यू हा नित्याचा अनुभव असतो. अशा कामात मन कोमल राहावे, तरीही खचू नये, हे कसे साधावे?

वैद्यकीय सेवा हे व्रत आहे, असे आपला समाज मानतो. ही भावना उदात्त खरी. परंतु व्रत घेतलेल्याने भूक, झोप आणि दुःख यांचा उच्चारही करू नये, अशी अपेक्षा तिच्या आडून धरली जाते. रात्रभर जागलेला तरुण डॉक्टर नातेवाइकांशी तुटक बोलला, की तो निर्दय ठरतो. वास्तविक तो निर्दय नसतो, थकलेला असतो. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अशा अवस्थेची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली घेतली. शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा वाटणे आणि कार्यक्षमता घटणे ही तिची लक्षणे होत.

यावर केवळ मनःशांतीचा उपदेश पुरेसा नाही. निवासी डॉक्टरांनी एरवी सलग १२ तासांहून अधिक काम करू नये, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत म्हटले होते. तरीही अनेक रुग्णालयांत पाळी ३६ तासांपर्यंत लांबते. रुग्ण फार आणि डॉक्टर थोडे, मग विश्रांती कशी परवडणार, असे कोणी विचारील. पण थकलेल्या हातून चूक घडते आणि तिची किंमत रुग्णच मोजतो.

वेदनाशामक सेवेत डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक मिळून भार वाहतात. हीच रीत सर्व रुग्णालयांत रुजायला हवी. पुरेशी झोप, मन मोकळे करण्यास सहकारी आणि मदत मागताना लाज न वाटेल असे वातावरण डॉक्टरांना हवे, तसेच आया व सफाई कामगारांनाही हवे.

विहिरीतून नुसते पाणी उपसत राहिले, तर तीही आटते. झऱ्याला भरण्यास अवधी द्यावा लागतो. करुणेचेही तसेच आहे.