स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया : काढावे काय, राखावे काय?

जेवढे अधिक कापावे तेवढा रुग्ण अधिक सुरक्षित, या समजुतीने स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेवर जवळजवळ ऐंशी वर्षे राज्य केले. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबरच छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात. या समजुतीला पुराव्यानिशी आव्हान दिले ते अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी. केवळ गाठ व तिच्या भोवतीचा भाग काढून किरणोपचार दिले, तरी स्त्रिया तितक्याच जगतात, हे त्यांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याने २००२ मध्ये निर्विवाद सिद्ध झाले.

तथापि स्तन राखणे प्रत्येकीच्या बाबतीत शक्य नसते. गाठी अनेक असतील, रोग स्तनात दूरवर पसरला असेल किंवा आनुवंशिक दोषामुळे धोका मोठा असेल, तर संपूर्ण स्तनग्रंथी काढावी लागू शकते. अशा वेळी वरची त्वचा आणि स्तनाग्र राखून आतील ग्रंथी काढणे व त्याच वेळी स्तनाची पुनर्रचना करणे, ही पद्धत गेल्या दोन-तीन दशकांत रूढ होत आहे. तिच्याविषयीची शंका रास्त होती. दुधाच्या सर्व नलिका स्तनाग्रापाशी एकत्र येतात. मग रोगाचे बीज तेथेच दडून राहिले तर?

या शंकेचे बरेचसे उत्तर आता मिळाले आहे. मिलानच्या युरोपीय कर्करोग संस्थेने सुमारे दोन हजार शस्त्रक्रियांचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी साडेसात वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्यात राखलेल्या स्तनाग्रात रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा दोनहून कमी आढळले. मात्र हे यश निवडक रुग्णांचे आहे, हे विसरून चालणार नाही. स्तनाग्रापर्यंत पोचलेला रोग, दाहक स्वरूपाचा कर्करोग किंवा स्तनाग्रातून होणारा रक्तस्राव असेल, तर हा मार्ग सामान्यतः वर्ज्य मानला जातो. स्तनाग्राखालील पेशीजाल तपासणे अनिवार्य असते आणि तेथे रोग आढळल्यास स्तनाग्राचा मोह सोडावाच लागतो. शिवाय या पद्धतीची इतर शस्त्रक्रियांशी यादृच्छिक चाचणीने तुलना झालेली नाही, ही उणीव २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याने स्पष्टपणे नोंदविली होती.

दुसरा प्रश्न गुंतागुंतीचा. बारा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या एकत्रित अभ्यासात शेकडा बावीस रुग्णांना काही ना काही उपद्रव झाला आणि सुमारे सहा जणींचे स्तनाग्र रक्तपुरवठ्याअभावी अंशतः वा पूर्णतः निर्जीव झाले. धूम्रपान, मधुमेह आणि पूर्वीचे किरणोपचार हा धोका वाढवतात. राखलेल्या स्तनाग्राची संवेदनाही बहुधा हरपते.

आपल्या देशात २०२२ मध्ये स्तनकर्करोगाचे सुमारे एक लाख ब्याण्णव हजार नवे रुग्ण असावेत, असा जागतिक अंदाज आहे. त्यांतील फार मोठा वर्ग रोग बळावल्यावर रुग्णालयाची पायरी चढतो. तेव्हा राखण्याजोगे फारसे उरलेलेच नसते. म्हणजे स्तनाग्र राखण्याचा प्रश्न अखेर लवकर निदानाच्या प्रश्नाशीच येऊन भिडतो. परंतु जिथे पर्याय उपलब्ध असतो तिथे तरी तो स्त्रीला विचारला जातो काय? ‘आता या वयात काय करायचे आहे?’ असे म्हणून नवरा किंवा मुलगा बाहेरच्या व्हरांड्यात निर्णय देऊन मोकळा होतो. आपले शरीर शक्य तेवढे अखंड असावे, या इच्छेला हौस ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. गावातील पन्नाशीच्या बाईच्या बाबतीतही नाही.

उलटपक्षी, जिचे काम गाठ काढून भागले असते तिला महागड्या पुनर्रचनेकडे वळविणे हाही अन्यायच. यावर उपाय एकच. प्रत्येक रुग्णालयाने रोग उलटण्याचे व गुंतागुंतीचे स्वतःचे आकडे नोंदवावेत, प्रसिद्ध करावेत आणि रुग्णाला तिच्या भाषेत सर्व पर्याय, धोके व खर्च यांची कल्पना द्यावी. त्यानंतर ती जो निर्णय घेईल, स्तन पूर्ण काढण्याचा असला तरी, तोच योग्य मानला पाहिजे.