मूर्तीचे मोल काट्यावर ठरत नाही

हातात घेतलेली वस्तू जड लागली की ती चांगली वाटते, हा आपल्यावरचा फार जुना संस्कार आहे. पितळेचा डबा, तांब्याचा हंडा, देवघरातला चांदीचा टाक या वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकतात आणि वेळ आलीच तर त्यांची मोडही येते. प्लास्टिकच्या फुटक्या बादलीचे भंगारवाला काय देतो, ते सांगण्यासारखे नसते. संसारात हा हिशेब बरोबरच आहे. पण छोट्या मूर्ती जमवणारे लोक हाच काटा आपल्या काचेच्या कपाटापर्यंत नेतात, तेव्हा गोंधळ सुरू होतो. लढाईच्या पटावरचे शिपाई असोत, राक्षस-योद्धे असोत की चित्रपटांतली पात्रे, ‘खरी मूर्ती धातूची, प्लास्टिकचे ते खेळणे’ असा निकाल या छंदाच्या जगात वर्षानुवर्षे ऐकू येतो. त्याच्या समर्थनार्थ चार गोष्टी पुढे केल्या जातात: वजन, टिकाऊपणा, बारकावा आणि किंमत. या चारही दाव्यांत तथ्यापेक्षा समजूत जास्त आहे. गंमत म्हणजे धातूची जी खरी थोरवी आहे, ती या चारांत कुठेच येत नाही.

आधी शब्दांची सफाई करून घेऊ. ‘धातू’ म्हणजे इथे तांबे-पितळ नव्हे, तर लवकर वितळणारे, कथील आणि शिसे यांचे मिश्रण. अलीकडे त्यातून शिसे बहुतांशी गेले आहे. ‘प्लास्टिक’ हेही एका पदार्थाचे नाव नाही. लवचीक पॉलिथीन वेगळे, मऊ पीव्हीसी वेगळे, खेळण्यांतले कडक एबीएस वेगळे आणि जोडणीच्या संचांत वापरले जाणारे पॉलिस्टायरीन वेगळे. पॉलिथीनच्या शिपायाचे दोष पॉलिस्टायरीनच्या माथी मारणे म्हणजे जस्ताचा दोष सोन्याला लावण्यासारखे आहे. म्हणून दोन बोटांइतक्या उंचीच्या, रंगवून मांडायच्या मूर्तीपुरते बोलायचे, तर माझी बाजू स्पष्ट आहे: कडक पॉलिस्टायरीन हा ओतीव धातूपेक्षा सरस पदार्थ आहे. जिथे तो सरस नाही, ती जागाही पुढे दाखवीनच.

पहिला दावा वजनाचा. तळहातावर भार जाणवला की मूर्तीला ‘अस्तित्व’ येते, असे म्हणतात. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून जास्त आणि पॉलिस्टायरीनची जेमतेम पाण्याइतकी, तेव्हा फरक जाणवणारच. पण धातूच्या शिपायांचा इतिहासच या दाव्याच्या विरुद्ध साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात भरीव आणि चपट्या शिपायांच्या बाजारावर जर्मन कारागिरांचे वर्चस्व होते. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने ते मोडून काढले, ते पोकळ ओतकामाच्या जोरावर. वितळलेले मिश्रण साच्यात ओतायचे, साच्याला लागून पातळ कवच गोठले की आतला उरलेला रस परत बाहेर काढायचा. शिपाई हलका झाला, धातू कमी लागला, किंमत उतरली आणि घराघरांत फौजा उभ्या राहिल्या. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात जमिनीवरच्या लढाईचे नियम मांडले, तेव्हा मुलांच्या खोल्यांत असलेल्या फौजा याच जातीच्या होत्या. म्हणजे धातूच्या शिपायांचे सुवर्णयुग ज्याने आणले, त्याने शिपायाच्या पोटातला धातूच काढून घेतला होता. आज संग्राहक त्या पोकळ शिपायांसाठी चढाओढ करतात आणि त्यांना कुणी हलके म्हणून हिणवत नाही. राहिला प्रश्न तोल सांभाळण्याचा. हलकी मूर्ती पटावर लवंडते ही तक्रार खरी आहे, पण तळाखाली एक लोखंडी वॉशर चिकटवला की ती मिटते. वॉशरने जो गुण विकत घेता येतो, तो पदार्थाचा श्रेष्ठपणा ठरू शकत नाही.

दुसरा दावा टिकाऊपणाचा, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. धातू तो धातू, त्याला काय होणार? बरेच काही होते. शिशाच्या मूर्ती ओक लाकडाच्या कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्षानुवर्षे बंद राहिल्या, की लाकडातून आणि पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा त्यांना खाऊ लागतात. ॲसेटिक आम्ल शिशाला लागते, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात भर घालतो आणि शिशाचा पांढरा भुकटा, म्हणजे जुन्या रंगाऱ्यांचा सफेदा, तयार होतो. या क्रियेत आम्ल पुन्हा मोकळे होते आणि पुढच्या थराला भिडते, म्हणून एकदा लागलेली कीड आपली आपण थांबत नाही. हवेत दमटपणा असेल तर तिला आणखी बळ मिळते. ज्या सुंदर कपाटात मूर्ती जपून ठेवली, तेच तिला पोखरते. जस्ताच्या मिश्रणाची कथा वेगळी नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या कित्येक ओतीव खेळण्यांच्या जस्तात शिशाची अगदी थोडी भेसळ राहून गेली आणि काही दशकांनी त्या वस्तू आतून फुगून, तडकून, हाताने चुरा व्हावा अशा झाल्या. शिवाय रोजचा प्रसंग आहे तो पडण्याचा. टेबलावरून घसरलेली मूर्ती किती जोराने आपटेल हे तिच्या वजनावर ठरते. धातूचा शिपाई पडला की भाला वाकतो, हात निखळतो, टवका उडून रंगाखालचा धातू उघडा पडतो. काही ग्रॅमची प्लास्टिक मूर्ती उसळी मारते आणि बहुधा तशीच उचलून ठेवता येते.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, आणि त्याने म्हणायलाच हवे, की प्लास्टिकही अमर नाही. मान्य. एअरफिक्स या कंपनीने १९५९ पासून काढलेल्या छोट्या पॉलिथीनच्या शिपायांवर रंग धड बसत नसे आणि त्यांपैकी बरेच आज ठिसूळ होऊन बोटांत मोडतात. पीव्हीसीला मऊ करण्यासाठी घातलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते, मूर्ती चिकट होते आणि धूळ धरते. एबीएस उन्हात पिवळे पडते. या तिन्ही तक्रारी रास्त आहेत, पण त्या तीन वेगळ्या पदार्थांच्या आहेत. पॉलिस्टायरीनमध्ये पाझरणारे द्रव्य नसते, त्याला आम्लाच्या वाफांची बाधा होत नाही आणि रंग त्याला घट्ट धरून राहतो. अतिनील किरण त्यालाही पिवळे आणि ठिसूळ करतात हे खरे, परंतु प्राइमर आणि रंगाच्या थरांखाली दडलेल्या, उन्हापासून दूर ठेवलेल्या मूर्तीपर्यंत ते फारसे पोचत नाहीत. त्याचा खरा शत्रू उष्णता. सुमारे शंभर अंश सेल्सियसला ते मऊ पडते, कथील वितळायला मात्र २३२ अंश लागतात. इथे धातू जिंकतो, पण मूर्तींचे कपाट चुलीवर कुणी ठेवत नाही. शिशाच्या शिपायाला मारायला मात्र नुसते कपाटच पुरते.

तिसरा दावा बारकाव्याचा. हा दावा एके काळी खरा होता, म्हणूनच तो इतका चिवट आहे. धातूची मूर्ती रबरी साच्यात ओततात. गोल साचा गरगर फिरवला की रस कानाकोपऱ्यांत शिरतो आणि रबर लवचीक असल्यामुळे आत वळलेले अवयवही न मोडता बाहेर येतात. प्लास्टिकचा साचा पोलादी. तो ताणला जात नाही, त्यामुळे काखेतली पोकळी किंवा झग्याची आतली घडी त्यात सरळ उतरत नाही. जुने कारागीर मोठा नमुना घडवत आणि आकार लहान करणाऱ्या यंत्राने तो पोलादात कोरत. त्या लहान करण्यात धार बोथट होई. १९८७ मध्ये गेम्स वर्कशॉप या कंपनीने एका खोक्यात तीस प्लास्टिकचे अंतराळ-योद्धे दिले, ते स्वस्त आणि मस्त होते, पण धातूच्या सरदारापुढे ते गुळगुळीत दिसत यात शंका नाही. तेव्हापासून साचा घडवण्याची रीत पार बदलली. आता मूर्ती संगणकावर घडते, तिचे असे तुकडे पाडले जातात की प्रत्येक तुकडा पोलादी साच्यातून सुटेल, आणि संगणकाच्या हुकुमाने चालणारे यंत्र तो साचा कोरते. उडती पताका, धाग्याएवढी छडी, उघड्या तोंडातले दात हे सारे आज पॉलिस्टायरीनमध्ये उतरते आणि साच्याच्या पहिल्या व लाखाव्या नगात फरक कळत नाही. रबरी साचा मात्र दर ओतीगणिक तापतो आणि झिजतो. नाकडोळे पुसट झालेला धातूचा शिपाई पाहिला, तर तो थकलेल्या साच्यातून आला आहे हे ओळखावे.

बारकाव्याला लागूनच एक गुण येतो, ज्याची या वादात फार कमी दखल घेतली जाते: दुरुस्ती आणि फेरफार. धातूचा तुटलेला हात जोडायचा तर बारीक ड्रिलने दोन्हीकडे भोके पाडायची, आत तारेची खुंटी बसवायची आणि वर सुपरग्लू लावायचा. इतके करूनही तो सांधा हा सांधाच राहतो. पॉलिस्टायरीनसाठी वापरतात तो डिंक मुळात डिंक नसून द्रावक असतो. तो दोन्ही कडा विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा उरतो. धारदार पातीने मान वळवता येते, एकाचा हात दुसऱ्याला लावता येतो, ढाल काढून मशाल देता येते. संग्राहक तिथे नुसता गिऱ्हाईक राहत नाही, अर्धा शिल्पकार होतो. ज्या पदार्थामुळे हे साधते, त्याला ‘खेळण्याचा’ म्हणून हिणवणाऱ्याने मूर्ती नुसती विकत घेतलेली असते, कधी घडवलेली नसते.

चौथा दावा किमतीचा: धातू विरळ, म्हणून मौल्यवान. इथे मोडीचा हिशेब पुन्हा डोके वर काढतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटची, पाठीवरून अग्निबाण सोडणारी आणि बाजारात कधीच न आलेली नमुना-मूर्ती ५ लाख २५ हजार डॉलरना गेली. ती प्लास्टिकची होती. यावरून प्लास्टिक महाग ठरत नाही, मात्र किंमत पदार्थ ठरवत नाही एवढे नक्की ठरते. ती ठरते किती नग उरले, कोणत्या अवस्थेत उरले आणि त्यांच्यामागे कोणती हकिगत आहे यावर. उलट अस्सलपणाच्या बाबतीत धातूच जास्त लंगडा आहे. रबरी साचा दाबाखाली तापवून घट्ट करतात. धातूची मूर्ती ती उष्णता सोसते, म्हणून बाजारातून आणलेली एक मूर्ती साच्यात ठेवली की त्याच पदार्थात तिच्या हुबेहूब नकला ओतता येतात. पॉलिस्टायरीनची मूर्ती त्या उष्णतेत टिकत नाही आणि तिची नक्कल त्याच पदार्थात काढायची तर पोलादी साचाच घडवावा लागतो. चोराला तो परवडत नाही.

प्रकृतीचा आणि पर्यावरणाचा मुद्दा दोन्हीकडून काढला जातो. प्लास्टिकचा कचरा ही खरी समस्या आहे, पण एकदाच वापरून फेकायची पिशवी आणि जन्मभर जपलेली मूर्ती यांना एका पंक्तीला बसवता येत नाही. शिसे मात्र जपले तरी विषारीच राहते. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १९६६ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई बंद केले आणि १९९० च्या दशकात अमेरिकी व ब्रिटिश ओतकारांनी शिसे सोडून कथील धरले, ते हौसेने नव्हे. त्या फेरबदलाने धातू निर्धोक झाला, पण महागही झाला.

मग धातूची खरी थोरवी कुठे आहे? ती कपाटात नाही, कारखान्यात आहे. पोलादी साच्यात अफाट भांडवल गुंतते आणि हजारो नग खपल्याशिवाय ते वसूल होत नाही. रबरी साचा थोड्या खर्चात होतो, कथील एका छोट्या भट्टीवर वितळते आणि एक शिल्पकार, एक यंत्र आणि एक खोली एवढ्यावर धंदा उभा राहतो. १९७५ मध्ये अमेरिकेत रॅल पार्था आणि १९७९ मध्ये इंग्लंडात सिटाडेल या कंपन्या उभ्या राहिल्या त्या याच बळावर. हा छंद धातूत जन्मला, कारण जन्माला घालणाऱ्यांकडे पैसा नव्हता. आजही ज्या विषयाला जगभरात दोन-चारशेच गिऱ्हाइके आहेत, त्याला हाच मार्ग सोयीचा. १८०३ च्या असईच्या लढाईतली शिंद्यांची कवायती पलटण कुणाला पटावर उतरवायची असेल, तर तिच्यासाठी पोलाद कोरायला मोठा कारखाना सहसा धजणार नाही, छोटा ओतकार धजेल. त्रिमितीय छपाईने आता या गडालाही वेढा घातला आहे, तरी ठिसूळ रेझिनपुढे ओतीव कथील अजून तग धरून आहे. धातू हा गरीब कारागिराचा आणि दुर्लक्षित विषयांचा पदार्थ आहे. त्याच्या अभिमान्यांनी त्याला श्रीमंतीची खूण बनवले, हा त्याच्यावर अन्यायच झाला.

तेव्हा मूर्ती निवडताना ती तळहातावर तोलू नये. भिंग लावून चेहरा पाहावा, सांधे पाहावेत, ती कशाची आहे हे नेमके विचारावे. जी प्लास्टिकमध्ये मिळते ती बेलाशक प्लास्टिकमध्ये घ्यावी. जी फक्त धातूतच मिळते तिच्यासाठी धातूचे दाम मोजावेत, पण ते वजनाचे नव्हेत, ती घडवायची हिंमत करणाऱ्या ओतकाराचे. आणि ती शिशाची असेल, तर घरी आणल्यावर तिला लाकडी कपाटात मात्र ठेवू नये.