कौल मानणारी माणसे



गेल्या चतुर्थीला आमच्या एका सभासदाच्या मूळ घरी दोन भाऊ एकाच माटोळीखाली आरतीला उभे राहिले, पण एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. भांडण जमिनीचे नव्हते. पंचायत निवडणुकीत दोघांनी वेगवेगळ्या पॅनेलचे काम केले होते, एवढेच. असे प्रकार आता बऱ्याच घरांतून कानी येतात, म्हणून हे लिहिणे.

मतभेद गोव्याला नवे नाहीत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने तर गावेच्या गावे दुभंगली होती. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे वडीलधारे फुलाच्या बाजूचे. (सगळेच नव्हेत. विलीनीकरणाविरुद्ध झुंजणारे 'राष्ट्रमत' हेही मराठीच दैनिक होते, हे आपण सोयीस्कर विसरतो.) सत्तेवर सरकार असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, अशी विरोधकांची हरकत होती. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. विरोधकांच्या मनातली शंका फिटावी म्हणून खुर्ची सोडणारा सत्ताधारी आज शोधूनही सापडायचा नाही!

संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. फूल ३४,०२१ मतांनी हरले. ज्यांनी पदरमोड करून वाड्यावाड्यांवर प्रचार केला, त्यांना हे किती लागले असेल, ते त्यांच्या मुलांनाच ठाऊक. तरी कौल मानला गेला. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने मगो पक्षाला पुन्हा निवडून दिले. भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले, कौल जिंकलेल्या डॉ. जॅक सिक्वेरांचा पक्ष विरोधी बाकांवर बसला. एका प्रश्नावर नाही म्हटलेल्या माणसाला दुसऱ्या कामासाठी हो म्हणण्याइतका तो मतदार मोकळा होता.

आज आपण तितके मोकळे आहोत का? पक्ष घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला कसलेच मत नाही तो नागरिक कसला? पण आपल्या पक्षाचा आमदार चुकला तर त्याला तोंडावर सांगणारे किती? मोबाइलवर आलेला मजकूर खरा की खोटा, हे न पाहता पुढे ढकलणारे आपल्यातही पुष्कळ आहेत, आणि त्यांत शिकलेसवरलेले अधिक. ग्रामसभेला मात्र हीच मंडळी दिसत नाहीत. मराठी प्राथमिक शाळांचा पट घटतो आहे, नळाला पाणी येत नाही. या प्रश्नांना फूलही नाही आणि पानेही नाहीत.

कार्यकारिणीत यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरले ते असे: येत्या निवडणुकीत संस्थेचे सभागृह सर्व उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर, विनामूल्य द्यायचे. घोषणा नाहीत, हार-तुरे नाहीत. प्रश्न सभासद विचारतील. आपले प्रश्न लेखी आणून द्यावेत. आणि ते दोघे भाऊ हे वाचत असतील, तर त्यांनी एकाच कागदावर लिहून आणावेत.