मालिका बघितलीत, आता पुस्तक वाचा

"मालिका बघितली आहे, आता पुस्तक कशाला वाचायचं?" बंगळुरूला पोस्टिंग झाल्यापासून मेसमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला लेखी उत्तर द्यावंसं वाटतं. विषय बहुतेक वेळा 'गेम ऑफ थ्रोन्स'चा असतो. 2011 ते 2019, आठ सीझन, 73 भाग. आमच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांनी आणि आमच्या हाताखालच्या कॅप्टन-लेफ्टनंट मंडळींनी ती कधी ना कधी बघितलेली असतेच. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ज्या कादंबऱ्यांवर ती बेतली आहे, त्या मात्र फार थोड्यांनी उघडल्यात. आतापर्यंत पाच पुस्तकं आली आहेत, पानं चार हजारांच्या वर. आपल्याकडच्या संचात तिसरं आणि पाचवं पुस्तक दोन-दोन भागांत येतं, म्हणजे एकूण सात ठोकळे. मी मालिका संपल्यावर ते सातही वाचले, आणि आता या विषयावर भांडायला तयार आहे.

भांडण दोन्ही बाजूंशी आहे. चर्च स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांत भेटणारे पंडित म्हणतात, "आधी वाचायला हवं होतं, आता मजा गेली." मेसमधले म्हणतात, "शेवट माहीत आहे, आता काय उरलं?" दोघांचंही गृहीत एकच की गोष्ट म्हणजे तिचा शेवट.

हे मराठी माणसाने म्हणावं? कीर्तनाला बसणाऱ्या कोणाला आख्यानाचा शेवट ठाऊक नसतो? पानिपतचा निकाल शाळकरी पोरालाही माहीत असतो, तरी आपण पानिपतावर वाचायचं थांबत नाही. फौजेत आम्ही जुन्या लढाईचा अभ्यास करतो, तेव्हा कोण जिंकलं हे पहिल्या ओळीतच सांगितलेलं असतं. खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. त्या पहाटे त्या कमांडरला काय दिसत होतं? कोणती बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती? नेड स्टार्कचं डोकं उडणार हे माहीत असताना त्याची प्रकरणं वाचून बघा. प्रत्येक पानावर तो सुटू शकला असता असं वाटतं, आणि प्रत्येक पानावर तो स्वतःच्या स्वभावाप्रमाणेच निर्णय घेतो. पहिल्यांदा गोष्ट ऐकणाऱ्याला हे दिसत नाही, तो पुढे काय होणार याच्या घाईत असतो.

पुस्तकाची बांधणीही या कामाला सोयीची आहे. प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या डोळ्यांनी दिसतं, आणि त्या पात्राला जेवढं ठाऊक तेवढंच तुम्हाला. ब्लॅकवॉटरच्या लढाईत डाव्होस जहाजावर, टिरियन शहराच्या बाजूला आणि सान्सा किल्ल्यात बायकांबरोबर बातमीची वाट बघत बसलेली. लढाई एकच, पण तिघांनाही ती पुरती दिसत नाही. कॅमेरा आकाशात जातो आणि सगळं दाखवतो. खऱ्या लढाईत कंपनी कमांडरला रेडिओवर जेवढं ऐकू येतं आणि समोर जेवढं दिसतं, तेवढंच त्याचं जग असतं.

त्याच लढाईत पुस्तकातला टिरियन शहरातल्या लोहारांकडून एक अजस्र साखळी घडवून घेतो. शत्रूचं आरमार नदीत शिरलं की ती त्यांच्या मागे वर ओढायची, म्हणजे आगीतून परत फिरायला वाट उरत नाही. अडथळा आणि मारा यांची सांगड कशी घालायची, हे आम्हाला वाळूच्या मॉडेलवर शिकवतात ते हेच. 2012 च्या त्या भागात साखळी नाही, फक्त हिरवा स्फोट आहे. पटकथा खुद्द मार्टिनने लिहिली होती, म्हणजे लेखक बसवूनही पडद्यावर ते मावलं नाही. स्फोट एका क्षणात दाखवता येतो. लोहारांचे कित्येक दिवस दाखवायला वेळही नसतो आणि पैसाही.

मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेल्यावर तर हिशोबच सुटला. सातव्या सीझनमध्ये सैन्यं आणि जहाजं खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला अशी पोचतात की आपल्याला सिल्क बोर्ड ते हेब्बाळ जायला जास्त वेळ लागावा. 2019 च्या त्या प्रसिद्ध रात्रीच्या लढाईत घोडदळ काळोखात सरळ सोडून दिलं जातं. पुढे काय आहे याची धड रेकी नाही. दगड फेकणारी यंत्रं तटबंदीच्या आत नव्हे, बाहेर उघड्यावर. एनडीएच्या कॅडेटने कागदावर अशी योजना मांडली असती, तर त्याने ती रात्र रगड्यात काढली असती.

यावर कोणी म्हणेल, ड्रॅगन चालतात आणि राशनचा हिशोब हवा? हो, हवा. ड्रॅगन कल्पनेतला आहे, सैनिकाचं पोट कल्पनेतलं नाही. हे समजायला बंगळुरूइतकी योग्य जागा नाही. सैन्याला खाऊ घालणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचं सेंटर आणि कॉलेज इथेच आहे. मार्च 1791 मध्ये कॉर्नवॉलिसने इथला किल्ला जिंकला आणि तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे महिन्यात अरकेरेला मैदानही मारलं. पण बैल मरून पडले होते आणि धान्य संपलं होतं. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून त्याला माघारी वळावं लागलं. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज भेटली, आणि तिच्या बाजारातून चढ्या भावाने धान्य घेऊन इंग्रजी लष्कर जगलं. यावर मालिका निघाली, तर किल्ल्याच्या खिंडारावरच्या हल्ल्याला दोन भाग मिळतील. बैलांना कोणी दोन मिनिटं देणार नाही, आणि मोहीम फसली ती बैलांवर.

पण मी पुस्तक वाचा म्हणतो ते केवळ साखळीसाठी आणि बैलांसाठी नाही. चौथ्या पुस्तकात, 2005 च्या 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये, मेरिबाल्ड नावाचा एक अनवाणी धर्मोपदेशक 'मोडलेल्या माणसां'बद्दल बोलतो. गावातली पोरं धन्याच्या निशाणामागे हौसेने निघतात. मग आजार, फाटके जोडे, भूक, शेजारी मेलेला भाऊ. एक दिवस आतून काहीतरी मोडतं आणि तो पळतो. मग ज्यांच्यासारखा तो एकेकाळी होता, त्यांचीच घरं लुटतो. दोन-अडीच पानांचा मजकूर आहे. पायदळातल्या शिपायाबद्दल याहून खरं मी फार थोडं वाचलंय. लिहिणारा मार्टिन स्वतः व्हिएतनामला गेला नाही. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून त्याने लढायला नकार दिला आणि त्याऐवजी समाजसेवेचं काम केलं. मी गणवेशातला माणूस, त्याचं मत माझं नाही. पण त्याने शिपायाकडे पाठ फिरवलेली नाही. मालिकेत सहाव्या सीझनमध्ये या भाषणाची सावली तेवढी दिसते.

पडद्यावरचं युद्ध म्हणजेच युद्ध, असं समजणारा समाज धोकादायक असतो, म्हणून हे सगळं महत्त्वाचं. मे 2025 मध्ये आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी एका रात्रीत कराची बंदर बेचिराख करून टाकलं होतं. स्टुडिओत भोंगे वाजत होते आणि लोक फटाक्यांची वाट बघत होते. त्याच रात्री सीमेवरच्या गावांत आपली माणसं घरं सोडून जात होती. सात सीझन अंतर आणि भूक न मोजता लढाया बघण्याची सवय झाली, की आठव्या वेळी आपण खऱ्या फौजेकडूनही तेच मागतो. फौजेत जाणारी माणसं तुमच्या घरातली आहेत, तेव्हा काय मागतोय हे माहीत असलेलं बरं.

पुस्तक अपुरं आहे, सहावा खंड अजून आलेला नाही, ही तक्रार खरी आहे. पण शेवट तुम्ही बघितलाच आहे, मग घाई कशाची? वेळ नाही, हेही पटत नाही. 73 तास मिळाले होते ना? एका पोस्टिंगमध्ये सात ठोकळे आरामात होतात, आणि फील्डला गेलात तर आणखी लवकर. मालिका बघू नका असं मी म्हणत नाही, मीही ती पुन्हा बघेन. पण या रविवारी ब्रिगेड रोडला जेवायला जाल, तेव्हा शेजारच्या चर्च स्ट्रीटवर वळा आणि पहिला ठोकळा घेऊन या.