परिषदेचे पत्र आले, आता सफरीची तयारी



आपल्या घरांतील मुले-मुली आता एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. शोधनिबंध स्वीकारला जातो, परदेशातील परिषदेचे पत्र येते, घरात मिठाई वाटली जाते. मग ‘अजून तीन महिने आहेत’ म्हणता म्हणता व्हिसाची वेळ निघून जाते. हुशारी कमी पडत नाही, कागद कमी पडतात. म्हणून या वेळी आम्ही एकच ठिकाण उदाहरणाला घेतो: इटलीतील त्रिएस्ते.

या शहरात अब्दुस सलाम आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्र आहे. गरीब देशांतील शास्त्रज्ञ एकटे पडू नयेत, म्हणून सलाम यांनी ते १९६४ मध्ये उभे केले. १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. येथील बहुतेक कार्यक्रमांना नोंदणी शुल्क नसते. आपल्यासारख्या देशांतील काही निवडक सहभागींना प्रवासाचा किंवा राहण्याचा खर्चही मिळतो. त्यासाठी अर्जातच तशी मागणी करावी.

पहिली गोष्ट नावाची. गुणपत्रिकेवर ‘शेख आयेशा सलीम’, आधारवर ‘आयशा शेख’ आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, असे आपल्याकडे फार घडते. कुठे ‘मोहम्मद’, कुठे नुसते ‘मो.’. परदेशी अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटतात. निमंत्रणपत्र, विमा, तिकीट यांवर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर तसेच असावे. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.

दुसरी गोष्ट व्हिसाची. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस दिवसही लागतात. आम्ही म्हणू, तीन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पाने कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सोबत निमंत्रणपत्र, राहण्याची सोय, बँकेचे विवरण आणि विद्यापीठाचे रजेचे पत्र जोडावे. व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. पण वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना शेंगेनच्या नियमांत त्यातून माफी आहे. आयोजकांचे पत्र दाखवून ती मागावी. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क मात्र वेगळे असते.

आता वाट. मुंबईहून त्रिएस्तेला थेट विमान नाही. वाटेत रोम किंवा फ्रँकफर्टला विमान बदलले, तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते. म्हणून दोन विमानांत पुरेसा वेळ ठेवा. त्रिएस्तेचा विमानतळ शहरापासून सुमारे ३३ किलोमीटरवर आहे. त्याला लागूनच रेल्वे स्थानक आहे. गाडी अर्ध्या तासात शहरात पोहोचवते. तिकीट व्हेनिसचे मिळाले, तर विमानतळावरून बसने मेस्त्रे स्थानक गाठावे. तिथून रेल्वेने सुमारे दोन तास. कागदी तिकीट घेतले असेल, तर चढण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड होतो.

हिवाळ्यात तिथे ‘बोरा’ नावाचा बोचरा वारा सुटतो. कधी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. तेव्हा छत्री उपयोगाची नाही. कानटोपी आणि जाड कोट हवा. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॅप्टर इथूनच न्या. पोलीस असो वा रुग्णवाहिका, मदतीचा क्रमांक ११२.

खाण्याच्या बाबतीत दोन शब्द पाठ करा: ‘मायाले’ म्हणजे डुकराचे मांस आणि ‘स्त्रुत्तो’ म्हणजे त्याची चरबी. ही चरबी कधी पावातही असते, म्हणून पाकिटावरची यादी वाचावी. शहर समुद्रकाठी असल्याने मासे मिळतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे इशा फार उशिरा होते. वेळापत्रक आधीच पाहून ठेवा. किबला तिथून आग्नेयेला आहे, आपल्यासारखा पश्चिमेला नाही.

शेवटी अम्मी-अब्बांसाठी. मुलगी एकटी जाणार म्हटल्यावर काळजी वाटते, ती रास्तच आहे. पण काळजीला ‘नको’ हे एकच उत्तर नसते. ती कुठे उतरणार, विमानतळावरून कशी जाणार, आयोजकांचा क्रमांक कोणता, हे सारे एका कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत घरी राहू द्या. तिथली घड्याळे उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात. फोनची वेळ त्यानुसार ठरवा.

आणि पत्र येण्याची वाट पाहू नका. या रविवारी घरातील शिकणाऱ्या मुलांचे पासपोर्ट, आधार आणि गुणपत्रिका एकत्र मांडून नावे ताडून पाहा. पासपोर्ट नसेल तर सोमवारी अर्ज करा. इन्शाअल्लाह, पत्र येईल तेव्हा तुम्ही तयार असाल.