आटलेल्या विहिरींचे दायित्व

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर 'सागर सम्राट' या रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये तेल शोधून काढले, मे 1976 मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले आणि 'बॉम्बे हाय' हे नाव देशाच्या ऊर्जा-स्वावलंबनाशी कायमचे जोडले गेले. त्या घटनेला अर्धशतक उलटले असताना या क्षेत्रातील उत्पादन कधीच ओसरणीला लागले आहे, आणि ते पुन्हा वाढवण्यासाठी ओएनजीसीने 2025 मध्ये 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा घेतली आहे. उरलेले तेल काढण्याचा हा प्रयत्न योग्यच आहे. परंतु तेल संपल्यानंतर समुद्रात उभ्या असलेल्या पोलादाचे काय करायचे, याची चर्चा तितक्या उघडपणे होत नाही.

उत्पादन थांबलेल्या विहिरी कायमच्या बुजवणे, प्लॅटफॉर्म उतरवणे आणि समुद्रतळ पूर्ववत करणे या कामाला तेल उद्योगात 'डीकमिशनिंग' म्हणतात. हे काम केवळ भंगार काढण्याचे नाही. विहिरीत तेल-वायूच्या थरांवर सिमेंटचे डाट बसवून ते दाब देऊन तपासावे लागतात, कारण एखादा डाट कच्चा राहिला तर त्यातून वायू पुढील अनेक वर्षे झिरपू शकतो. नळ्यांच्या आतल्या पुटांत साचलेली किरणोत्सारी द्रव्ये आणि पारा वेगळे काढावे लागतात. आणि ज्या पोलादी सांगाड्यावर प्लॅटफॉर्म उभा असतो, त्या 'जॅकेट'चे पाय तळाच्या चिखलाखाली काही मीटर खोलवर कापावे लागतात. तळातून वर आलेले वीतभर पाइपाचे टोकही ट्रॉलरचे जाळे फाडायला पुरेसे असते, आणि ते नुकसान कंपनीच्या ताळेबंदात नव्हे, तर कोळ्याच्या घरात मोजले जाते.

हे काम भारतात होऊ शकते, हे समुद्रातील ताप्ती वायू-क्षेत्राने दाखवून दिले आहे. डिसेंबर 1994 च्या करारानुसार ओएनजीसीचा 40 टक्के आणि अन्य दोन भागीदारांचा प्रत्येकी 30 टक्के वाटा असलेल्या या क्षेत्रातील वायू-उत्पादन 2016 मध्ये थांबले, त्यानंतर विहिरी बुजवून पाच प्लॅटफॉर्म काढण्यात आले, आणि समुद्रातील अशा स्वरूपाचे ते देशातील पहिले काम ठरले. तेथे जबाबदारी कोणाची, हे करारातच लिहिलेले होते. बॉम्बे हायचा पसारा मात्र याच्या कितीतरी पट मोठा आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 1989 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 75 मीटरपेक्षा कमी खोलीत उभे असलेले आणि 4,000 टनांपेक्षा कमी वजनाचे सांगाडे पूर्णपणे काढले पाहिजेत. 1998 पासून उभारलेल्या सांगाड्यांसाठी ही खोली 100 मीटर करण्यात आली. बॉम्बे हाय भागातील पाण्याची खोली नेमकी या पहिल्या मर्यादेच्या आसपास असल्यामुळे जुने सांगाडे तळाशीच सोडून देण्यासाठी पळवाट शोधण्याचा मोह उद्या होऊ शकतो. सरकारने ती वाट आजच बंद करावी.

खर्चाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 1999 च्या स्थळ-पुनर्स्थापन निधी योजनेखाली कंपनी स्टेट बँकेतील स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवू शकते आणि त्यावर तिला आयकरात सवलत मिळते. म्हणजे हा निधी आयकर कायद्याच्या नजरेत सवलत आहे, सक्ती नाही. कंपनी ताळेबंदात एकत्रित तरतूद दाखवते, परंतु कोणता प्लॅटफॉर्म कोणत्या वर्षी निघणार आणि त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवली आहे, हे मच्छीमार संस्थांना त्यातून समजत नाही. प्लॅटफॉर्मभोवतालच्या 500 मीटरच्या सुरक्षा-पट्ट्यात मासेमारीला मज्जाव असतो, आणि डहाणू-पालघरच्या कोळ्यांनी तेलशोधासाठीच्या भूकंपीय सर्वेक्षणांविरुद्ध केलेली आंदोलने महाराष्ट्राने पाहिली आहेत. ज्यांनी या तेलासाठी मासेमारीची जागा सोडली, त्यांना ती परत कधी मिळणार हे विचारण्याचा हक्क आहे.

हाच प्रश्न नव्या ऊर्जेलाही लागू आहे. जून 2024 मध्ये केंद्राने गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी 500 मेगावॉट सागरी पवनऊर्जेसाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. रामगुंडम आणि ओंकारेश्वरच्या जलाशयांवर तरंगती सौर पॅनेल आली आहेत, आणि प्लॅस्टिकच्या तराफ्यांवर दोरखंडांनी नांगरलेले असे प्रकल्प उद्या खाडीत किंवा समुद्रातही येतील. पंचवीस वर्षांनी ते तराफे, नांगर आणि केबल कोण उचलणार, याचे उत्तर परवान्याच्या अटींमध्येच हवे आणि त्यासाठीची अनामत विजेच्या पहिल्या बिलापासून जमा व्हायला हवी. बॉम्बे हायबाबत ती वेळ टळून गेली असली, तरी बीपीच्या दहा वर्षांच्या कराराचा काळ अजून हातात आहे. तो संपण्यापूर्वी केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयाने प्रत्येक प्लॅटफॉर्मचे वय, काढण्याचे नियोजित वर्ष आणि राखलेली रक्कम यांची यादी प्रसिद्ध करावी, आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ती मराठीत, नकाशासह, प्रत्येक मच्छीमार सोसायटीपर्यंत पोहोचवावी.